खोक्यातली सायकल

पूल खचला त्या दिवशी गावात सगळ्यांची तोंडं उतरली. उजळलं ते एकट्या सायकलवाल्याचं. नदीकाठी उभे राहून लोक डोक्याला हात लावत होते. मधली कमान पाण्यात बसली होती, गज वर निघाले होते, आणि बसचा ड्रायव्हर पलीकडूनच हात हलवून परत फिरला होता. सायकलवाल्यानं शेजारी उभ्या बायकोला कोपरानं हळूच ढोसलं आणि म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन."

त्याचा बाप मागेच उभा होता. मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे दुधासारखे झाले होते. बापाला ऐकू गेलं. बायकोलाही ते कळलं. नवऱ्याची एकेक गोष्ट गिळायची सवय तिला बारा वर्षांची होती.

पलीकडच्या काठाला, फाट्याच्याही पुढे, कोंबड्या सोलायचा कारखाना होता. गावातल्या तीस-पस्तीस बाया तिथं कामाला जायच्या. बस बंद झाली, तेव्हा वरच्या अंगाच्या जुन्या बंधाऱ्यावरून वळसा घेऊन जाण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. जायला आठ किलोमीटर, यायला आठ. सातला फाटक बंद. तीनदा उशीर झाला की चौथ्यांदा येऊ नका, असा तिथला कायदा. बंधाऱ्यावरची वाट एका माणसापुरती, फार तर एका सायकलीपुरती. पूल दोन वर्षं तरी होत नाही, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

म्हणून सायकली.

दुकान म्हाताऱ्याचं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यानं सायकली जोडल्या, आणि त्याच्या हातची सायकल मोडली असं कुणी ऐकलं नव्हतं. डोळे गेल्यावर गल्ला मुलाकडे आला आणि हत्यारं सुनेकडे. मुलाला हात काळे करायचा कंटाळा. त्याचं सगळं कसब जिभेत होतं. लोक त्याला शेठ म्हणत, अर्धं मानानं, अर्धं चेष्टेनं, आणि त्याला दोन्ही सारखंच आवडायचं. सुनेला मात्र मिस्त्रीनं मागच्या खोलीत बसवून सगळं शिकवलं होतं. चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, कशी काढायची, बेअरिंगमध्ये छर्रे किती बसतात, पाना कुठं थांबवायचा. "डोळ्यांवर जाऊ नको पोरी," तो म्हणायचा. "लोखंड डोळ्यांना फसवतं. कानानं बघ."

शहरातल्या घाऊक व्यापाऱ्यानं सांगितलं की चार महिने माल नाही. शेठनं दोन दिवस फोनवर बोटं घासली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "झालं काम."

खोकी मागच्या दारानं आली. लांबट, चपटी, पिवळ्या पट्ट्यांनी आवळलेली. हमालांनी फाट्यावरून डोक्यावर आणून ती गटाराच्या कडेला टाकली आणि सुनेनं एकेक आत ओढली. त्याच सकाळी पुढच्या दाराला शेठनं पाटी लावली. पाटीवर ऑनलाइनवाल्यांना शिव्या होत्या. येईल त्या गिऱ्हाइकाला तो तेच ऐकवायचा, "मोबाइलवरून मागवता? अहो, खोक्यातली सायकल म्हणजे खोकला! एकदा घरात शिरला की छातीवर बसतो." आणि स्वतःच्याच विनोदावर मान मागे टाकून हसायचा. त्याच्या पडजिभेपर्यंतचं सगळं दिसायचं.

मागच्या खोलीत सून खोकी फोडत होती. थर्माकोलचे पांढरे दाणे तिच्या केसांत, कानांत, डब्यातल्या जेवणात जायचे. ग्रीस म्हणून लावलेला पिवळा चिकट पदार्थ बोटांना लागला की कुजक्या तेलासारखा वास यायचा आणि साबणानं जायचा नाही. कंपनीचं नाव खरवडून काढायचं, तिथं रंग मारायचा आणि वर मिस्त्रीच्या नावाचं लेबल. लेबलं शेठनं शहरातून छापून आणली होती. त्याच्या बापाचा तरुणपणीचा फोटो, खाली 'चाळीस वर्षांचा विश्वास'.

"मामंजींना विचारलंत का?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"त्यांना काय विचारायचं? त्यांना दिसतं का?" शेठ तिच्या हत्यारांच्या डब्यातली तार घेऊन दात कोरत होता. कोरून झाल्यावर त्यानं ती तार परत डब्यात टाकली. तिनं ती चिमटीत धरून बाहेर फेकली आणि हात धुतला.

मिस्त्रीला शेठनं पुढं स्टुलावर बसवलं होतं, धुतलेल्या सदऱ्यात. "हे बघा, आमचे बाबा अजून रोज दुकानात असतात. एकेक सायकल त्यांच्या हाताखालून जाते." म्हाताऱ्याच्या हाताखालून फक्त चहाचा पेला जायचा. मागच्या खोलीत यायला त्याला बंदी नव्हती. तो आपण होऊनच यायचा नाही. पाय दुखतात, म्हणायचा.

शेठची मुलगी नऊ वर्षांची. सायकली पाहून ती रोज मागे लागायची. एकदा एका तयार सायकलीवर तिनं टांग टाकली, तसा शेठ पुढून धावत आला आणि तिला बखोटीला धरून खाली ओढलं.

"यातली नाही! तुला शहरातून आणू. चांगली."

मुलगी रडत गेली. तो हात झटकत पुढच्या दारी गेला आणि लगेच तिथून त्याचा आवाज आला, तुपात घोळलेला, "या ताई, या. आपल्या घरच्यासाठी जी ठेवतो, तीच तुम्हाला देतो."

सून पाना हातात धरून ऐकत होती. मग तिनं पुढचा नट आवळला.

*

चौदाव्या की पंधराव्या सायकलीच्या वेळची गोष्ट. चिमटा, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यात बसतं तो दोन पायांचा भाग, तिनं खोक्यातून काढला आणि सवयीनं पान्यानं ठोकला. आवाज बद्द आला. चांगला चिमटा घंटेसारखा वाजतो. हा फुटक्या मडक्यासारखा बोलला. तिनं तो दारापाशी उजेडात नेला. वर, जिथं दोन्ही पाय एकत्र येतात त्या खांद्यावर, वेल्डिंग फुगलेलं होतं आणि त्यात सुईच्या टोकाएवढी तीन भोकं होती.

तेवढ्यात शेठ आत आला. "झाली का? गिऱ्हाईक बसलंय."

"ही नको द्यायला. चिमट्याला भोकं आहेत."

त्यानं वाकून पाहिलं. "एवढीशी? डासानं चावल्यासारखी?"

"आतून पोकळ आहे. वजनानं जाईल. परत पाठवा."

"परत पाठवायची म्हणजे फोटो काढा, अर्ज करा, पंधरा दिवस वाट बघा. तोवर ती बाई स्वतःच मोबाइलवरून मागवून मोकळी होईल." त्यानं लेबलांच्या चळतीतून एक सोललं आणि तिच्यापुढं धरलं. "यावर लाव. नीट बसतंय बघ, मापाचंच आहे."

"अहो—"

"अगं, पिसंवाली आहे ती. ती काय शर्यतीला जाणार आहे?"

पिसंवाली हे त्यानंच ठेवलेलं नाव. कारखान्यात पिसं उपटायच्या विभागात ती बाई होती. उंच, रोडावलेली, चाळिशीच्या आतबाहेर. नवरा वीटभट्टीवर. कितीही अंघोळ केली तरी तिच्या अंगाला गरम पाण्यात बुडवलेल्या कोंबडीचा ओला, उग्र दर्प यायचा आणि तिला ते माहीत होतं. म्हणून ती बोलताना दोन पावलं मागे उभी राहायची.

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलाच्या कडेवर टेकली होती. शेठनं रुमाल नाकाला लावला होता आणि सर्दीचं सोंग करत होता.

"भाची म्हणते, फोनवरून मागव," पिसंवाली सांगत होती. "स्वस्त पडते म्हणे. पण माझ्या जावेनं मागवली, तर दोन्ही पायडलं डाव्या पायाचीच आली. फोन केला तर एक बाई गोड गोड बोलते, आम्ही समजू शकतो, आम्ही समजू शकतो. आजतागायत पडून आहे. म्हटलं, आपलं समोरचं माणूस बरं. बोलायला तोंड तरी दिसतं."

"लाख बोललात!" शेठ रुमालातून म्हणाला.

पण तिचं लक्ष शेठकडे नव्हतं. ती मिस्त्रीकडे वळली. "बाबा, माझ्या आईला तुम्हीच दिली होती सायकल. अजून चालते माझ्या भावाकडे. तुम्ही सांगा. घेऊ का?"

सून मागच्या दाराच्या चौकटीत सायकल धरून उभी होती. चिमट्याच्या खांद्यावर लेबल चिकटलेलं होतं. तिनंच चिकटवलं होतं. कडा बोटानं दाबून, फुगा राहू नये म्हणून दोनदा.

मिस्त्रीनं दुधाळ डोळे आवाजाच्या दिशेनं फिरवले. "घे," तो म्हणाला.

पिसंवालीनं कनवटीची पिशवी सोडली. सायकल हातात घेताना ती सुनेकडे बघून हसली. "तुम्ही जोडली?"

"हो."

"बाईच्या हातची आहे म्हणजे नीटच असणार."

ती गेल्यावर शेठनं ती बसली होती त्या स्टुलावर तांब्याभर पाणी ओतलं आणि झाडूनं घासून घेतलं. पिसंवाली अजून कोपऱ्यावरच होती. घंटी वाजवून बघायला थांबली होती. तिनं मागं वळून पाहिलं, पाणी पाहिलं, आणि सायकलवर बसून निघून गेली.

*

त्यानंतर रोज पहाट फुटली की बाया दुकानासमोरून जायच्या. साखळ्यांची सळसळ, डब्यांचा खडखडाट, कुणाचं खोकणं, कुणाचं हसणं. सून झाडलोट करता करता कान देऊन उभी राहायची. पिसंवाली बऱ्याचदा शेवटी असायची आणि दुकानासमोर आल्यावर एकदा घंटी वाजवायची. सून मान हलवायची. ती नजरेआड होईपर्यंत तिचा चिमटा बघत राहायची.

सांगावं, असं रोज वाटायचं. मग वाटायचं, कदाचित टिकेलही. डासानं चावल्यासारखी तर भोकं आहेत. शेठचेच शब्द तिच्या डोक्यात यायचे आणि त्या शब्दांची तिला शिसारी यायची, जणू कुणाचा उष्टा घास आपल्या तोंडात सापडला.

बाराव्या दिवशी घंटी वाजली नाही. दुपारी पिसंवालीचा नवरा आला. खांद्यावर सायकल, हातात चिमट्याचा तुटका पाय. अंगावर भट्टीची लाल धूळ. त्याच्यामागं पिसंवाली, तोंडावर फडकं दाबून. फडक्यातून रक्ताचं पाणी कोपरापर्यंत ओघळून वाळलं होतं. आदल्या संध्याकाळी परतताना बंधाऱ्याच्या उतारावर पुढचं चाक निसटून बाजूला पळालं होतं आणि ती तोंडावर पडली होती. वरचे दोन दात गेले होते. हनुवटी उसवली होती, ती शिवून आणलेली.

चहावाला, न्हावी, येणारे-जाणारे, सगळे जमले.

"शेठ, हे काय दिलंत?" नवऱ्यानं तुटका पाय फळीवर ठेवला.

शेठनं तो दोन बोटांनी उचलला, उलटसुलट केला. सुनेला त्याचा चेहरा दिसत होता. चेहऱ्यावर क्षणभर भीती आली आणि मग त्या भीतीवर हसू चढलं, दुधावर साय चढावी तसं.

"ही आमची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? लेबल बघा की!"

"लेबल काय, आजकाल कुणीही छापतं. आमच्या नावाला मान आहे, म्हणून तर छापतात. ताई, रागावू नका, पण खरं सांगा, मोबाइलवरून मागवलीत ना? भाचीनं मागवून दिली ना? मी तेव्हाच म्हटलं होतं, खोक्यातली सायकल म्हणजे—"

"खोकला!" न्हाव्यानं पुरं केलं आणि लोक हसले.

पिसंवालीनं फडकं काढलं. तोंड सुजून वांग्यासारखं झालं होतं. तिनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण शब्दांऐवजी लाळ आणि रक्त आलं. पुढं उभा असलेला चहावाला "अरेरे" म्हणत मागं सरला आणि त्यानं चेहरा वाकडा केला. तिनं लगेच फडकं परत दाबलं. मग ती मिस्त्रीकडे गेली आणि तो तुटका पाय त्याच्या हातात दिला.

म्हाताऱ्याचा अंगठा तुटलेल्या जागेवरून फिरला. एकदा, दोनदा. भोकाच्या काठावर थांबला. सगळ्यांना वाटलं, आता तो बोलेल.

"मला दिसत नाही," मिस्त्री म्हणाला आणि पाय परत दिला.

मग पिसंवालीनं मागच्या दाराकडे पाहिलं. सून तिथंच होती. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती. शेठ सुनेकडे बघत होता, न्हावी बघत होता, सगळा बाजार बघत होता. तिनं नजर खाली घातली. आपल्याच पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, एवढंच तिला दिसलं.

नवरा-बायको सायकल खांद्यावर टाकून गेले.

संध्याकाळी शेठ चवीनं जेवला. हाड चोखताना त्याच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि तो बोलत होता, "बघितलंस? दोन मिनिटांत मिटवलं. उद्या आणखी दहा खोकी येतायत. आता तर कुणी मोबाइलवरून घेणारच नाही. त्या बाईचं तोंड बघितल्यावर—" आणि तो हसला. तोंडात घास होता, त्यातलं काही ताटाबाहेर उडालं. सुनेनं आपलं ताट उचललं आणि जेवण बाहेर कुत्र्याला घातलं.

*

दुसऱ्या दिवशी शेठ खोकी आणायला फाट्यावर गेला. मिस्त्री अंगणात उन्हाला बसला होता. ती त्याच्यापुढं जाऊन बसली.

"मामंजी, कळलं ना तुम्हाला काल?"

"काल कशाला?" तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं. मागं तू ठोकत होतीस. चांगलं लोखंड असं वाजत नाही."

"आणि तुम्ही तिला 'घे' म्हणालात."

"काय म्हणणार होतो?" तो एकदम चिडून म्हणाला. "त्याच्या घरात राहतो. त्याचं खातो. रोज सकाळी अंडं मिळायला लागलंय मला. आजवर मला कुणी अंडं विचारलं नव्हतं." मग आवाज खाली आला. "तुला सांगतो, फार बरं लागतं गं."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात सकाळच्या अंड्याचा पिवळा ठिपका वाळला होता. याच माणसाच्या हातांकडे बघून ती शिकली होती. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला फक्त त्या हातांचा आधार वाटला होता. आज तो ठिपका पुसायलासुद्धा तिचा हात उठला नाही. आणि लगेच तिला वाटलं, याचा ठिपका निदान दिसतो तरी. आपला?

तिनं आत जाऊन पिशवीत पाने भरले. एक लहान हातोडी, एक हवेचा पंप. मुलीला सांगितलं, आजोबांकडे लक्ष ठेव. आणि बंधाऱ्याच्या वाटेनं चालायला लागली.

वाट वाईट होती. उतारावर एके ठिकाणी दगडाला काळपट डाग होता. कशाचा, ते तिनं वाकून पाहिलं नाही. कारखाना दिसायच्या आधी त्याचा वास आला. आधी ओल्या पिसांचा, मग रक्ताचा, मग काहीतरी गोडसर, सडकं, जे घशाला चिकटून बसलं. भिंतीच्या कडेनं एक चर वाहत होता, त्याच्या तांबूस पाण्यावर फेस आणि पिसं तरंगत होती. तिला वांती झाली. चराच्या काठाला बसून तिनं पोट रिकामं केलं, तोंड पुसलं. इथं या बाया रोज डबा खातात, असं मनात आलं.

सायकली भिंतीला टेकून रांगेनं उभ्या होत्या. बहुतेकांवर मिस्त्रीचा तरुण चेहरा. फाटकावरचा पहारेकरी उठून आला.

"काय हवंय?"

"सायकली बघायच्यात. मी दुकानातली. मीच जोडल्यात."

"फुकटात बघणार?"

"हो."

"बघा," तो म्हणाला आणि परत सावलीला गेला.

पहिली सायकल तिनं उलटी केली. लेबल नखानं खरवडलं. चिमटा ठोकला. ठण्ण. दुसरी. ठण्ण. तिसरीचा आवाज बद्द आला. लेबलाखाली केसासारखी चीर होती. हे तिला माहीतच नव्हतं. ही जोडताना आवाज बरा आला होता, की तिनं ठोकूनच पाहिलं नव्हतं? आता आठवेना. तिनं नट सोडले आणि चिमटा काढून बाजूला ठेवला. ऊन चढत गेलं. माश्या हातांवर बसत होत्या, त्या हाकलायलाही हात मोकळा नव्हता. वीसच्या वीस सायकली झाल्या तेव्हा बाजूला चार चिमटे पडले होते.

भोंगा वाजला. बाया बाहेर आल्या. रबरी बूट काढलेले, पाय पांढरे, सुरकुतलेले. बोलत बोलत आल्या आणि थबकल्या.

"माझं चाक कुणी काढलं?"

"अगं, ही शेठची बायको!"

"ए बाई, काय मांडलंयस हे?"

ती उठून उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण त्यातलं काही आठवलं नाही.

"या सायकली खोक्यातल्या आहेत," ती म्हणाली. "मोबाइलवरून मागवलेल्या. आम्ही नाव खरवडून लेबल लावलं. चार चिमटे फुटलेत, ते काढले. त्यांनी आज चालत जायचं. चिमटे आणून द्यायचं मी बघते."

मागून वाट करत पिसंवाली पुढं आली. हनुवटीला पट्टी, तोंड अजून सुजलेलं. तशीच चालत कामाला आली होती. आणखी एक दिवस घरी बसायची सोय तिथं नव्हती.

"माझी?" ती म्हणाली. दात नसल्यामुळं शब्दातून हवा गेली. "माझी तुला माहीत होती?"

"हो."

"आधीच?"

"भोकं दिसली होती. लेबल मीच लावलं. माझ्या हातानं."

पिसंवालीनं तिच्याकडे पाहिलं. मग एक पाऊल पुढं आली. नेहमी दोन पावलं मागं राहणारी ती बाई आता इतक्या जवळ आली, की तिच्या श्वासातलं रक्त आणि औषध सुनेच्या नाकात गेलं. ती थुंकली. थुंकी सुनेच्या पायावर पडली, तांबूस. सुनेनं पाय मागं घेतला नाही, पुसलाही नाही.

"तुझ्या नवऱ्याचं मला काही वाटलं नाही," पिसंवाली म्हणाली. "तो तसलाच आहे. तुझं वाटलं."

एक म्हातारी बाई आपल्या सायकलीपाशी गेली. "आणि माझी गं? माझी ठीक आहे?"

"ठीक आहे, आजी. वाजवून बघितली."

"कशावरून?" पिसंवालीनं विचारलं.

"आवाज चांगला—"

"तुझ्या कानावर का म्हणून विश्वास ठेवायचा? तू तर डोळ्यांना दिसलेलंही गिळलंस."

बाया वाट बघत होत्या. पहारेकरीही खुर्ची सोडून जवळ आला होता.

"बस तिच्यावर," पिसंवाली म्हणाली. "तूच चालव. त्या खड्ड्यांतून ने. फाटकापासून चरापर्यंत आणि परत. मोडली तर तुझं तोंड फुटेल, आमचं नाही."

सुनेनं म्हातारीची सायकल घेतली. पायडलवर पाय ठेवला आणि निघाली.

"थांब," पिसंवाली म्हणाली. "एकटीच्या वजनावर काय कळणार? आम्ही डबे नेतो, सरपण नेतो." तिनं चपला काढल्या, कॅरिअरवर एका अंगानं बसली आणि सुनेची कंबर घट्ट धरली. नखं रुतली. "चल."

"अगं, पडशील परत!" म्हातारी ओरडली.

"पडले तर पडले. आता पुढचे दात गेलेच आहेत."

पहिल्या खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा सुनेच्या मणक्यातून कळ गेली. दुसऱ्यात हँडल हातातून सुटता सुटता राहिलं. पाठीमागून ओल्या पिसांचा दर्प येत होता, तो तिच्या मानेला, केसांना लागत होता, आणि तिला कळत होतं की मागच्या बाईलाही तिच्या अंगाचा वास येतच असेल. चरापाशी वळताना मागचं चाक घसरलं. दोघींनी पाय टेकवले, सायकल सावरली, परत बसल्या. चिमटा टिकला.

म्हातारीनं सायकल घेतली आणि निघून गेली. दुसरीनं आपली पुढं केली. मग तिसरीनं. सातव्या सायकलीनंतर सुनेचे तळवे सोलले. अकरावीनंतर मांड्या थरथरायला लागल्या आणि तिला हँडलवर ओणवं व्हावं लागलं. तेवढ्यात फाट्याच्या बाजूनं शेठ आला. कुणीतरी बातमी पोचवली होती. धापा टाकत, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, रुमाल नाकाला लावलेला.

"ताई, मावशी, ऐका माझं," त्यानं तुपाळ आवाज काढला. "हिला बरं नाहीये. गेले आठ दिवस डोकं फिरल्यासारखं करतेय. चल गं घरी."

बायांनी त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. ती सायकलवरच होती, एक पाय जमिनीवर. तिनं नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. त्याच्या मिशीत फाट्यावरच्या चहाची साय अडकली होती. आज ते गिळणं तिला जमेना.

"याच्यावर बसा," ती म्हणाली आणि तेरावी सायकल त्याच्यापुढं ढकलली. "तुम्हीच विकलीत ना? एक चक्कर मारा. खड्ड्यातून."

शेठनं सायकलीकडे पाहिलं. खाली, चिमट्याकडे पाहिलं. सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"माझा पाय मुरगळलाय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. एक बाई पुढं आली, तिनं सायकल त्याच्यासमोरून काढून सुनेच्या हातात दिली. शेठ थोडा वेळ घुटमळला, काहीतरी पुटपुटला, मग चराच्या कडेकडेनं, पिसं चुकवत, आला तसा निघून गेला. मुरगळलेला पाय कुठला होता, ते त्याच्याही लक्षात राहिलं नाही.

सुनेनं तळवे कपड्याला पुसले. कपड्यावर रक्ताची बोटं उमटली. सायकलीवर बसताना तिला पाय वर घेता येईना, तेव्हा पिसंवालीनं मागून सायकल धरून ठेवली.

"हिच्यानंतर अजून तीन आहेत," सून म्हणाली.

"माहीत आहे," पिसंवाली म्हणाली आणि परत कॅरिअरवर बसली. "बोलू नको. खड्डा बघ."